परिशिष्ट क

टेंडरच्या बासष्टाव्या पानावर अट आहे:
छपरावर चढणाऱ्या दर दहांत तीन बाया हव्यात,
वस्तीतल्याच हव्यात,
आणि सारख्या कामाला सारखा रोज.
ओळ चांगली आहे. मीच ती टाइप करून
भिंतीवर डकवली, पाण्याच्या जारच्या वर,
जिथं साहेब रोज ग्लास भरतात.

मी हिंगण्याच्या ऑफिसात बसते, कूलरच्या तोंडाशी.
नाव, लिंग, प्रवर्ग, पत्ता, पद, रोज:
परिशिष्ट क माझ्याकडं.
चाळीस माणसं, म्हणजे बारा बाया.
यादीत बारा आहेत.
हजेरीला अकराच भरतात.

बारावी कोण, हे मार्चअखेरीला कळलं.
अनुक्रमांक सदतीस. वृषाली खापेकर,
पॅनेल जोडारी, रा. महाल.
म्हणजे मी.
शिडीच्या दुसऱ्या पायरीवर घेरी येते मला.

मग दोन महिने काहीच केलं नाही. हेही लिहायला हवं.

गड्डीगोदामच्या शाळेवर एकशेवीस पॅनेल चढत होते.
नवतपा लागलेला. हजेरीपुस्तक द्यायला गेले,
म्हटलं, बघावं तरी
मी रोज कुठं काम करते.
बावीस पायऱ्या. डोळे मिटून.

वर इंदुकला टेंभुर्णे वाकून
तारेच्या टोकाला कनेक्टर बसवत होती.
टिक्.
आवाज आला की पुढं सरकायची,
नाही आला की परत काढायची.
तोंडाला दुपट्टा, उघडे फक्त डोळे,
आणि सुरक्षेचा पट्टा कमरेला दोनदा गुंडाळून
सेफ्टी पिनेनं टाचलेला.
"एकाच मापाचा येते मॅडम. माणसाच्या.
मी पडली त पट्टा वर राहीन, मी खाली."
आणि हसली.

पिनेसाठी परिशिष्टात रकाना नाही.
सकाळी सातपासून त्या पाणी पीत नाहीत, त्यालाही नाही.
मुलींच्या संडासाला सुट्टीचं कुलूप,
किल्ली शिपायाकडं,
शिपाई गावाला.

तिचं पद माझ्याच हातानं भरलेलं: हेल्पर.
शेजारी पवन, तेच कनेक्टर, तीच टिक्,
ती ऐकायला त्याला तिनंच शिकवलेलं.
तो जोडारी.
फरक दोनशे दहा रुपये. रोजचे.
"आयटीआय मी बी केलं ना," ती म्हणाली, "त्याच्या पहिले."
तक्रार नव्हती त्यात. तारीख सांगावी तसं सांगितलं.
मी उतरायला लागले तेव्हा एवढंच म्हणाली,
"खाली नका पाहू. पायरी मोजा."

संध्याकाळी कूलरचं पाणी संपलं होतं.
सदतीस नंबरावर जाऊन बसले.
नाव पुसायला एक बटण पुरतं,
पण बटणाच्या अलीकडं आईच्या गोळ्या उभ्या,
स्कूटीचा हप्ता उभा,
आणि साहेबांनी दिवाळीला दिलेलं स्टीलचं टिफिन.
पुसलं. अकरा.
मग नऊ जणींपुढचं 'हेल्पर' काढून 'जोडारी' केलं,
दोघी खरंच नव्या आहेत, त्यांचं राहू दिलं.
शेऱ्यात लिहिलं: पट्टे बायांच्या मापाचे नाहीत. संडासाला कुलूप.
पाठवलं.

सकाळी साहेब जारपाशी. ग्लास रिकामा.
"एक आकडा त होता बाई. कोण मोजून राह्यलं होतं?"
मी म्हणाले, मी.
आवाज मात्र फार बारीक निघाला.

त्याला आज अकरा दिवस झाले. वरून उत्तर नाही,
मला काढलंही नाही, टिफिनमध्ये भेंडी आहे.
शाळेवरचे पॅनेल चालू झालेत,
रिकाम्या वर्गांतून पंखे कुणासाठी फिरतात
देव जाणे.
दुपारी इंदुकलाचा फोन आला.
"मॅडम, शिपाई आला. किल्ली भेटली."
आणि पट्टा?
"तोच."